लॅपटॉपच्या रॅमची शास्त्रोक्त निवड (रीडिंगनिवासी मराठी गृहस्थांसाठी)

रीडिंगच्या थेम्स व्हॅली पार्कात मायक्रोसॉफ्ट आहे, शेजारी ओरॅकल आहे, आणि अर्ली-वूडलीत दर चार घरांआड आपलाच कुणीतरी 'आयटी'त आहे. त्यामुळे घरचा लॅपटॉप धापा टाकू लागला की सल्ल्याला तोटा नाही. आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असताना विषय काढावा. दिवसभर हजार सर्व्हर सांभाळणारा मनुष्य, ज्याने इंजिनिअरिंगनंतर रॅमची पट्टी हातात धरलेली नाही, 'नवीनच घे' म्हणेल. मान डोलवावी. घरी येऊन लॅपटॉपलाच विचारावे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावे, टास्क मॅनेजरात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. तिथे वेग, वापरलेले स्लॉट आणि फॉर्म फॅक्टर लिहिलेला असतो. 'एसओडीआयएमएम' दिसल्यास पेढे वाटावेत. 'रो ऑफ चिप्स' दिसल्यास रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे. स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवावा आणि घरात विषय बदलावा.

पुढे पिढी. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला 260 पिना, डीडीआर५ ला 262. फरक दोनच पिनांचा, त्यामुळे 'जरा दाबलं की बसेल' हा विचार मनात येतोच. बसत नाही. खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेजही वेगळे, आणि दाबल्याने तुटतो तो स्लॉट.

वेगाबाबत फार जीव टाकू नये. 2666 च्या जोडीला 3200 ची पट्टी लावली, तर दोघी 2666 नेच चालतात. लग्नाला निघताना सगळे घर सर्वांत उशिरा आवरणाऱ्याच्या वेळेने निघते, तसेच. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. लॅपटॉप जास्तीत जास्त किती रॅम मानतो, ते मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे. क्रमांक तळाशी असतो, पुसट. मोबाईलची बॅटरी लावून मुलांकडून वाचून घ्यावा.

किंमत पाहण्याआधी चहा घ्यावा. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी इतकी ओढून घेतली की भाव कडाडले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रूशल' हा घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या क्लाउडवर आपला पगार निघतो, त्यानेच आपली रॅम महाग केली. ऑनलाइन घेतलेली वस्तू हाती आल्यापासून 14 दिवसांत कारण न सांगता परत करण्याचा इथे हक्क आहे. आपण तरीही दोन परिच्छेदांचे कारण लिहितोच, हरकत नाही.

बसवताना लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आतली बॅटरी सुटी. लोकरी स्वेटर आणि गालिचा टाळावा, आधी उघड्या धातूला हात लावावा; स्थिर विजेला चिप पुरत नाही. स्क्रू स्टीलच्या वाटीत. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबावी, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजल्या पाहिजेत. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. तेवढ्यात पुन्हा उघडायला बसू नये.

काढलेल्या पट्ट्या फेकायच्या नसतात. पुढच्या भारतवारीत बॅगेत टाकाव्यात आणि मावसभावाच्या हातात ठेवाव्यात. त्याच्या लॅपटॉपला त्या बसतात का, हे आधी विचारू नये.