स्लॅशकाका

ग्रुपवर कुणीही लिंक टाकली की तिच्याखाली स्लॅशकाकांचा शेरा पडतोच. शेरे तीनच. 'पत्ता अस्सल.' 'पत्ता संशयास्पद, हात लावू नये.' आणि तिसरा, सगळ्यात अपमानास्पद: 'पाठवणाऱ्याने मला येऊन भेटावे.' आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अध्यक्षाला कुणी जुमानत नाही, पण हा तिसरा शेरा पडला की भलेभले संध्याकाळी निमूटपणे काकांच्या दाराची बेल वाजवतात. फुकट रिचार्जची लिंक फॉरवर्ड करणाऱ्याला आपण काय केलंय ते मनातून ठाऊक असतंच.

ही जात आता सगळीकडे फोफावली आहे. ठाण्याला माझ्या मावशीच्या इमारतीत एक निवृत्त लेखापरीक्षक हेच काम करतात, नाशकातल्या आतेबहिणीकडे गणिताच्या एक बाई आहेत. पण आमचे काका अस्सल वाणाचे. कारण ते आरएमएसमधून, म्हणजे टपालखात्याच्या रेल्वे डाक सेवेतून निवृत्त झालेत. उभी हयात रात्रीच्या गाडीच्या डब्यात, हलत्या दिव्याखाली, पाकिटं वेगळी करून खणांत टाकण्यात गेली. माणूस पत्ता वरून वाचतो: नाव, घर, गल्ली. सॉर्टर खालून वाचतो: आधी पिनकोड, मग जिल्हा, मग गाव. घर क्रमांक त्याला वाचावाच लागत नाही. 1972 च्या 15 ऑगस्टला पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून निघाला, आणि पहिला आकडा 4 असेल तर पाकीट महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचं, हे काका अजूनही चहा ओतता ओतता सांगतात. वेलणकर संस्कृतात कविता करत, हेही सांगतात. चहा तोवर बशीत उतरलेला असतो.

तर मुलाने हातात स्मार्टफोन दिला आणि काकांना नवाच साक्षात्कार झाला. इंटरनेटवरचा पत्ताही शेवटाकडूनच वाचायचा असतो!

"अहो वहिनी, असं बघा," सावंतवहिनींना ते समजावत होते. वहिनींना दंडाच्या चलानाचा मेसेज आला होता. त्यांच्याकडे गाडी नाही, ही गोष्ट त्यांनाही मेसेज वाचून संपल्यावर आठवली होती. "हे सुरुवातीचे दोन स्लॅश सोडा. त्यानंतर पहिला एकटा स्लॅश कुठे आहे? तिथे बोट ठेवा. आता बोट डावीकडे सरकवा. पहिलं काय लागलं? 'डॉट टॉप'. त्याच्या मागे? 'अमुकतमुक'. झालं! हे अमुकतमुकचं घर. त्याच्या मागे 'परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन' लिहिलंय ना, ती नुसती दारावर रंगवलेली पाटी. अमुकतमुकने डोमेन विकत घेतलं की त्याच्या डावीकडे तो राष्ट्रपती भवनसुद्धा लिहील, त्याला कोण अडवणार? खरं परिवहन खातं असेल तर 'जीओव्ही डॉट इन' त्या स्लॅशला चिकटून हवं."

"आणि स्लॅशच्या पुढचं?"

"ते घरातल्या खोल्या. स्वयंपाकघराला बँकेचं नाव दिलं म्हणून घर बँकेचं होत नाही."

सुरुवातीच्या त्या दोन स्लॅशची मुळात गरज नव्हती, असं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 2009 साली कबूल केलं होतं. हे मी काकांना सांगितलं तर त्यांनी बर्नर्स-लींचीच बाजू घेतली. "असू दे रे. पत्राच्या डोक्यावर आपण 'श्री' घालतो, त्याची तरी कुठे गरज असते?"

वेषांतर केलेले पत्ते हा काकांचा खास प्रांत. इंग्रजी 'आर' आणि 'एन' दाटीवाटीने बसले की 'एम' दिसतो. आपल्याकडे 'रवा' चा 'खा' होतो, तसंच, असं म्हणून ते सावंतवहिनींच्या शिऱ्याचा विषय काढतात. रशियन लिपीतला 'अ' तर इंग्रजी 'ए'चा जुळा भाऊच. 2017 मध्ये एका संशोधकाने सगळीच्या सगळी रशियन वळणाची अक्षरं घेऊन ॲपल कंपनीच्या पत्त्याची हुबेहूब नक्कल नोंदवून दाखवली होती आणि काही ब्राउझर तिला खरी समजून चालले होते. पत्त्यात त्या पहिल्या एकट्या स्लॅशच्या आधी '@' आलं, तर त्याच्या आधी काहीही लिहिलेलं असो, टपाल जातं ते त्याच्या पुढच्याच दारी. आणि कुलपाचं चित्र? "कुलूप म्हणजे वाटेत पत्र कुणी फोडणार नाही एवढंच. पत्र ज्याला जातंय तो सज्जन आहे, असं कुलपाने कधी म्हटलं?" 2023 मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचं ते कुलूप काढून टाकलं, तेव्हा काकांनी ते स्वतःच्या पाठपुराव्याचं यश मानलं. पाठपुरावा त्यांनी आमच्या ग्रुपवर केला होता.

आखूड केलेल्या लिंक मात्र त्यांना सोसत नाहीत. टायनीयूआरएल 2002 पासून आहे, बिटली 2008 पासून. लांबलचक पत्ता गिळून बोटभर जागेत मावणारं काहीतरी द्यायचं हा त्यांचा धंदा, आणि त्यात गैर काही नाही. काकांच्या लेखी मात्र हे बिनपत्त्याचं पाकीट. बिटलीच्या शेवटी अधिकचं चिन्ह जोडलं की खरं ठिकाण दिसतं, हे कळल्यापासून ते अधिकचं चिन्ह जोडत सुटलेत. मधल्या काळात किराण्याच्या यादीलाही जोडत.

याच नादात त्यांचा भूगोल विलक्षण झाला आहे. बिटलीचं 'एलवाय' म्हणजे लिबिया, यूट्यूबच्या आखूड पत्त्यातलं 'बीई' म्हणजे बेल्जियम, पूर्वाश्रमीच्या ट्विटरच्या 'टी डॉट सीओ'तलं 'सीओ' म्हणजे कोलंबिया, 'टीव्ही' म्हणजे तुवालू आणि सध्या ज्याच्या नावाने जग नाचतंय ते 'एआय' म्हणजे अँग्विला नावाचं कॅरिबियन बेट. तिसरी-ब मधल्या वंशिकाने आपल्या भिशीचा फॉर्म लिबियाहून येतो असं आजीला सांगितलं, तेव्हा भिशीतून दोघीजणी बाहेर पडल्या. फॉर्म तिथून येत नाही, नाव फक्त तिथल्या नोंदवहीत असतं, हे सांगायला काकांना तीन मजले चढावे लागले. तरी 2010 मध्ये लिबियाने एका आखूड-लिंकवाल्याचं नाव खरोखरच नोंदवहीतून खोडलं होतं, हे त्यांनी जाता जाता सांगितलंच. तिसरीही बाहेर पडली.

काकांचं दुसरं व्यसन म्हणजे शेपूट छाटणं. लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर जे लांबण लागतं, त्यात पुष्कळदा तुम्ही कुठून आलात, कुणी पाठवलं याच्या खुणा असतात. त्या छाटल्या तरी पान उघडतं. मग काकांनी नियमच केला: प्रश्नचिन्ह दिसलं की कात्री. एकदा गुडघ्याच्या डॉक्टरांचं व्याख्यान त्यांनी असंच स्वच्छ करून ग्रुपवर टाकलं. यूट्यूबच्या लांब पत्त्यात व्हिडिओची ओळख नेमकी प्रश्नचिन्हाच्या पुढेच असते. ज्याने उघडलं त्याला आपापलं यूट्यूब दिसलं. जोशीआजोबांनी दोन तास लावणी पाहिली आणि गुडघ्यांना आराम पडल्याचं कळवलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' ही राखीव वेस जाहीर केली आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत तिथे बिऱ्हाड हलवायला सांगितलं. काकांना एवढा आनंद नातू झाल्यावर झाला नव्हता, असं काकू म्हणतात. शेवटाकडून वाचणाऱ्याची सोय कुणीतरी केली होती. ते पेढे घेऊन शाखेत गेले. मॅनेजरला वाटलं, ठेव मोडायला आलेत, आणि ती मोडू नये म्हणून त्याने काकांना पाऊण तास बसवून घेतलं.

आता यातली खरी गंमत. काका लिंक उघडत नाहीत. खोटी तर नाहीच, खरीसुद्धा नाही. मला आधी वाटलं, घाबरत असतील. तसं नाही. सॉर्टरने पाकीट उघडायचं नसतं. कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या मयताचं, कुणाच्या नोकरीचं पाकीट हातातून गेलं, हे त्यांना कधी कळलं नाही आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. बरोबर खणात पडलं की त्यांचं काम संपलं. मुलगा मेलबर्नहून फोटोंची लिंक पाठवतो. काका डोमेन पाहतात, मान डोलावतात, 'पत्ता अस्सल' लिहितात आणि फोन टेबलावर उपडा ठेवतात. नातवाला दात आल्याचं त्यांना काकूंकडून कळतं.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली, अर्थातच आखूड लिंक. काकांनी अधिकचं चिन्ह जोडलं, लांब पत्ता बाहेर काढला, शेपूट छाटलं, पहिल्या एकट्या स्लॅशवर बोट ठेवून डावीकडे वाचलं आणि घरच्या ग्रुपवर शेरा मारला. लग्नाच्या सकाळी काकूंचा फोन चार्जिंगला घरीच राहिला. दोघं नटूनथटून रिक्षात बसले.

"कुठं सोडू?" रिक्षावाल्याने मीटर टाकत विचारलं.

काकूंनी काकांकडे पाहिलं.

"पत्ता अस्सल आहे, मी स्वतः तपासलाय," काका म्हणाले.

"अहो, पण कार्यालय कुठलं?"

"ते आत असेल लिहिलेलं."