यंत्र त्यांचं, वापर आमचा

माझं ठाम मत आहे की, कुठल्याही यंत्राची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या माणसाला आधी एक गळीत हंगाम बारामती-इंदापूर पट्ट्यात काढायला लावावा. यंत्र कशासाठी बनवलंय ते त्याला ठाऊक असतं. ते कशासाठी वापरलं जाणार आहे, ते फक्त आमच्या आबांना ठाऊक असतं.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं घर इंदापूर तालुक्यात, भोवती ऊस; आमचं बिऱ्हाड बारामतीत, भोवती त्यांचे फोन. एखादी वस्तू घरात आली की आबा तिच्याभोवती एक फेरी मारतात, जरा वाकून खालून बघतात आणि विचारतात, “आन् ह्येच्यावर दुसरं काय काय हुईल?”

या प्रश्नामागे अर्थशास्त्र आहे. आडसाली ऊस दीडेक वर्ष रानात उभा राहतो. मग ऊसतोड टोळीची वाट बघा, मग कारखान्याच्या बिलाची. इतक्या उशिरा आलेल्या पैशातून घेतलेली वस्तू एकच काम करून सुटणार, हे आबांच्या राज्यात शक्य नाही. घरात सून असो, जावई असो की स्कूटर, सगळ्यांना नियम सारखाच.

स्कूटरचंच घ्या. 1953 साली ‘रोमन हॉलिडे’त ग्रेगरी पेक आणि ऑड्री हेपबर्न व्हेस्पावरून रोमभर हिंडले आणि स्कूटर म्हणजे प्रणय, असं जगानं ठरवून टाकलं. ही व्हेस्पा 2012 पासून आमच्या बारामतीच्या एमआयडीसीत तयार होते. त्याच कंपनीची आपे रिक्षा तर त्याच्याही आधीपासून. मेहुण्यानं व्हेस्पा घेतली ती बायकोला मागं बसवून उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी दाखवायला. आबांनी फेरी मारली, वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“कंपनीनं पोत्याला जागा सोडलीय की! मोटारसायकलला कुठं हाय अशी?”

“आबा, ती पाय ठेवायला आहे.”

“पाय पोत्यावर ठिवायचं.”

तेव्हापासून ती व्हेस्पा पुढं सरकी पेंड, मधे मेहुणा आणि मागं दुधाचा कॅन अशी डेअरीपर्यंत जाते. बायको रोहित पक्षी बघायला एसटीनं गेली.

गाड्यांशी या तालुक्याचं नातं तसं जुनं. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी कळंबच्या माळावर ऊस लावला, साखर कारखाना काढला, अख्खं वालचंदनगर वसवलं; आणि 1944 मध्ये मुंबईला प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. तिथल्या फियाटचं नाव 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झालं. आबांच्या चुलत्यांकडे अशी एक पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढची सीट अखंड, म्हणून पुढं ड्रायव्हर धरून चौघं बसायचे आणि गिअर टाकताना मधल्या माणसानं श्वास आत ओढायचा, अशी वहिवाट होती. त्या गाडीनं नवऱ्यामुली नेल्या, बाळंतिणी आणल्या, बियाण्याची ज्वारी वाहिली. आजारी कालवड मागच्या सीटवर बसून डॉक्टरकडे गेली आणि उभी राहून परत आली. इंजिननं मान टाकल्यावर गाडी गोठ्यामागं लावली आणि तिच्यात कोंबड्या राहायला गेल्या.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत बरीच हळहळ छापून आली. मी ती आक्कांना, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवली. त्या गवार निवडता निवडता म्हणाल्या, “भंगारात घातली व्हय? अजून धा वर्सं अंडी दिली असती की.”

त्याच वर्षी 14 जुलैला चांद्रयान-3 उडालं. ज्या रॉकेटवरून ते गेलं, त्याच्या बूस्टरचे भाग वालचंदनगरच्या कारखान्यात बनतात, हे कळल्यावर आबा टीव्हीपुढं मांडी ठोकून बसले. उड्डाण झालं, टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं दोन्ही बूस्टर सुटले.

“आता आपला भाग कुटं जानार?”

“समुद्रात पडतो, आबा.”

“मग काडून आनत्यात ना?”

“नाही.”

देशाच्या इतक्या अभिमानाच्या क्षणी इतका दुखावलेला माणूस दुसरा नसेल. “एवडा चांगला पत्रा,” ते पुटपुटले, “आख्ख्या गोठ्याला झाला असता.”

सिनेमाचीही आमच्याकडे यातून सुटका नाही. 2016 साली ‘सैराट’ आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे उजनीच्या पलीकडच्या अंगाचे. रिंकू राजगुरू अकलूजची. म्हणजे सगळं शिवेवरचंच. शेवटाला थिएटरात चिडीचूप झालं. परत येताना गाडीत कुणी बोलेना. अखेर आबाच म्हणाले, “पोरगी ट्रॅक्टर झकास हाकती. पर तीन तासांत नांगरट गुंठाभर दावली न्हाई.”

मेहुण्याची लेक तेव्हा लहान होती. तिनं त्या अख्ख्या प्रेमकथेतून ट्रॅक्टर तेवढा उचलला. वयात आल्यावर लायसन काढलं आणि आता ती ट्रॉली अशी रिव्हर्स घेते की, बघायला बांधावर माणसं थांबतात. “मामा, तुम्ही कारसुद्धा मागं घेताना उतरून बघता,” असं ती मला चारचौघांत ऐकवते. मंजुळेंनी प्रेमकथा काढली. आमच्या घरी ती ड्रायव्हिंग स्कूल ठरली.

राहिला मोबाईल. तो बोलण्यासाठी असतो, असं शहरातले भाबडे लोक समजतात. इकडं तो विहिरीवरची मोटर चालू करण्यासाठी असतो. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी मध्यरात्री. म्हणून मोटरच्या पेटीत सिमकार्डवाला स्टार्टर बसवतात. आपण त्याला फोन करायचा. लाईट आली, गेली, मोटर बंद पडली की तो आपल्याला करतो. आबांना सर्वाधिक फोन पोराचा नाही, लेकीचा नाही, या पेटीचा येतो. मध्यंतरी एका लग्नात शेवटची मंगलाष्टका संपत आली, मांडवभर हात अक्षतांसह वर गेले आणि नेमक्या त्या शांततेत एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “मोटर बंद झाली आहे.” निम्मा मांडव खिसे चाचपू लागला. भटजीही.

आणि आता उसात एआय आलं आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीनं हे काम उभं केलं. वरून उपग्रह बघतो, रानात सेन्सर मातीची ओल मोजतो आणि पाणी कधी, खत किती, ते फोनवर येतं. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनीच या उसाचं उदाहरण जगाला दिलं. मेहुण्यानं हौसेनं नाव नोंदवलं. आबांनी पहिला प्रश्न विचारला, “लाईट कवा येनार, त्ये सांगतंय का?” ते सांगत नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला, असं आम्हाला वाटलं.

पण आबांची फेरी मारून व्हायची होती. त्यांची विहीर चुलतभावाबरोबर सामाईक आहे आणि पाण्याच्या पाळीवरून भांडण आजोबांपासून चालत आलंय. एका सकाळी ‘पाणी द्या’ असा निरोप आला. आबा फोन घेऊन थेट बांधावर गेले. “ह्ये बग. आमेरिकेतनं सांगितलंय, आज पाळी माजी.”

चुलतभाऊ दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीही नाव नोंदवलं. आता दोघं विहिरीवर एकमेकांसमोर फोन धरून उभे असतात आणि उपग्रह कुणाचा खरा, यावर दुपार होते. पाण्याची बचत हा या तंत्राचा मोठा हेतू आहे, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे तो पहिल्याच हंगामात साधला. भांडण मिटेपर्यंत मोटर बंद असते.