उजवीकडे जायचंय? मग डावीकडे वळा

अस्सल पुणेकर रस्ता विचारत नाही, सांगतो. मीही आजवर पुष्कळांना रस्ते सांगितले आहेत. त्यातले किती जण मुक्कामी पोचले याची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून माझा लौकिक टिकून होता. तो चांदणी चौकाने घालवला. जुन्या नव्हे, नव्या.

जुना चांदणी चौक मला पाठ होता. म्हणजे तिथे अडकायचं कसं, हे मला नेमकं ठाऊक होतं. मुंबई-बंगळूर महामार्ग, कोथरूडहून मुळशीकडे निघालेला पौड रस्ता, बावधन-पाषाणची गर्दी, एनडीए आणि वारज्याकडून येणारे लोक, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर तो अरुंद एनडीए-पाषाण पूल. संध्याकाळी हिंजवडी सुटली आणि त्यात शुक्रवार असला, की ताम्हिणीच्या भज्यांसाठी निघालेले आणि घरच्या वरणभातासाठी निघालेले असे दोन्ही पक्ष तासभर एकमेकांच्या बंपरला नाक लावून उभे राहत. पण त्या चौकाचा एक मोठा गुण होता. तिथे माणूस चुकत नसे. गाडी हललीच नाही तर चुकणार कुठे? काच खाली करायची, शेजारच्याला विचारायचं, त्याने सांगितलेलं पटलं नाही तर त्याच्याशी वाद घालायचा आणि मग सावकाश योग्य बाजूला नाक घुसवायचं. सगळ्याला वेळ होता.

ऑगस्ट 2022 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांचा ताफा या कोंडीत सापडला आणि 2017 साली भूमिपूजन झालेल्या कामाला एकदम घाई झाली. 2 ऑक्टोबरच्या मध्यरात्री जुना पूल स्फोटकं लावून पाडायचं ठरलं. सहाशे किलो स्फोटकं! आम्ही सोसायटीतली मंडळी गच्चीवर सतरंज्या टाकून बसलो होतो. रात्री एकच्या सुमारास स्फोट झाला, धुरळा उठला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि धुरळा खाली बसल्यावर कळलं की पूल पुरता पडलेलाच नाही. सिमेंट गेलं, आतली सळई तशीच तटून उभी. शेवटी पोकलेन लावून तिची समजूत काढावी लागली. पूलही अखेर पुण्याचाच.

12 ऑगस्ट 2023 ला नवा चौक खुला झाला. खर्च सुमारे 865 कोटी. सगळे रॅम्प, सेवा रस्ते धरून साधारण 17 किलोमीटरचं काम. एका चौकात सतरा किलोमीटर! ड्रोनमधून काढलेले त्याचे फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ येत होते. बर्मिंगहॅमच्या असल्याच एका चौकाला तिथले लोक स्पॅगेटी जंक्शन म्हणतात. चीनमध्ये चोंगचिंगला पाच मजली, वीस रॅम्पांचा आहे. त्या मानाने आमचा अगदीच सोवळा. वरून फार देखणा दिसतो, यात वाद नाही. अडचण एवढीच की भूगावला लग्नाला माणूस ड्रोनमध्ये बसून जात नाही.

भूगावचं लग्न म्हणजे माझ्या बायकोच्या मावसबहिणीच्या मुलीचं. नवा चौक झाल्यानंतरची पहिलीच लग्नसराई. मुहूर्त दुपारी 12 वाजून 27 मिनिटांचा, आणि कोथरूड डेपोपासून मुळशीच्याच रस्त्यावर कार्यालय जेमतेम सहा-सात किलोमीटर. “अहो, जरा लवकर निघू या का?” असं बायको म्हणाली, तेव्हा मी तिला माझी चौकाबद्दलची जाण ऐकवली. मागच्या सीटवर सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर रुखवतासाठी स्वतःच्या हाताने केलेलं साखरेचं तुळशीवृंदावन. चारी बाजूंना कमानी, पणतीच्या जागी लवंग, वर बडीशेपेच्या हिरव्या गोळ्यांची तुळस. “विनायकराव, बेताने हं,” एवढंच त्या म्हणाल्या.

डेपोचा चढ चढून वर आलो. समोर पाटी होती. होती म्हणजे असावी, कारण पुढे विटांचा ट्रक होता. ट्रक बाजूला झाला तेव्हा पाटी डोक्यावर आली होती आणि तिच्यावर एवढे बाण होते की मी ‘मुळशी’ शोधेपर्यंत आम्ही तिच्याखालून निघून गेलो. डावीकडे एक रॅम्प सुटत होता. मागून हॉर्न. अशा वेळी माणूस विचार करत नाही, वळतो. मी वळलो. पौड रस्त्याने पश्चिमेकडे जाताना डावीकडे काय आहे, हे कोथरूडातलं शाळकरी पोरही सांगेल. सातारा आहे.

“अहो, ही डुक्कर खिंड,” बायको म्हणाली.

“माहितेय मला.”

“भूगावच्या वाटेवर डुक्कर खिंड लागते?”

हल्ली वळसा असतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. वारज्याच्या पुलाखालून गाडी फिरवली. तिथे चहाच्या टपरीपाशी कोल्हापूरची गाडी उभी होती. तिच्यातल्या गृहस्थांनी हात केला. “ओ दादा, पाषाणला कुठनं जायाचं?” मी स्वतः रस्ता चुकलेला, मागे तुळशीवृंदावन, मुहूर्त डोक्यावर. पण एवढ्या आदराने कोणी विचारल्यावर नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. “चांदणी चौकात डावीकडे अजिबात वळू नका,” मी म्हणालो, “फसाल. मोठ्या रस्त्याने सरळ जा.”

आता इथे मला थोडं शास्त्र सांगावं लागेल, कारण पुढची चूक माझी नाही, शास्त्राची आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. म्हणजे डावीकडे वळणं सोपं, उजवीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्यांची वाट कापावी लागते. सिग्नल न लावता हे टाळायचं कसं? त्यावर अमेरिकेत आर्थर हेल नावाच्या इंजिनिअरने 1916 साली पेटंट घेतलं. तारीखही अशी की चार वर्षांतून एकदाच यावी, 29 फेब्रुवारी. त्याची युक्ती आपल्या डाव्या बाजूच्या हिशेबात सांगायची तर अशी: उजवीकडे जायचं असेल तर आधी उजवीकडचा रस्ता सोडून पुढे जा, मग डावीकडे वळा, आणि वळतच राहा. पाऊण वर्तुळ झालं की तुम्ही नेमके उजवीकडे तोंड करून बाहेर पडता. हे मी आदल्याच आठवड्यात भाच्याकडून समजून घेतलं होतं. तो स्थापत्य अभियंता आहे आणि कागदावर पेन्सिलीने त्याने फार छान दाखवलं होतं.

साताऱ्याच्या बाजूने चौकात येताना भूगाव डावीकडे पडतं. मी भाच्याचं शास्त्र आठवलं. उजवीकडे जायचं तर डावीकडे वळायचं; म्हणजे डावीकडे जायचं असेल तर उजवीकडे! असल्या विचारात डावा रॅम्प समोर आला आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता, अत्यंत आत्मविश्वासाने, सरळ गेलो. सुतारवाडी गेली, बाणेर आलं. डावीकडे जायला डावीकडेच वळायचं असतं, हे एवढं साधं शास्त्रात कुठे लिहिलेलं नव्हतं.

फोन वाजला. “कुठपर्यंत आलात?” बायकोने सांगितलं, “चांदणी चौकात.” हेच उत्तर तिने मघाशी दिलं होतं, आणि पुढेही देणार होती. प्रत्येक वेळी ते खरं होतं किंवा नुकतंच खरं असून गेलेलं होतं.

एव्हाना मोबाइलमधली बाईसुद्धा गोंधळली होती. तिचा फार दोष नाही. उपग्रहांच्या हिशेबात जमिनीवरची जागा काही मीटरच्या फरकाने कळते, पण उंचीत त्याहून जास्त फरक पडतो. तेव्हा एकावर एक रस्ते असले की आपण वर आहोत की खाली, हे तिला नीट उमगत नाही. ती आपली मधल्या कुठल्यातरी हवेत आपल्याला धरून चालते. “पन्नास मीटरवर उजवीकडे वळा,” असं ती ठामपणे म्हणाली तेव्हा उजवीकडे कठडा होता आणि कठड्याखाली दुसरा रस्ता. तिचा आवाज मात्र शेवटपर्यंत चढला नाही. हा गुण आमच्या गाडीत इतर कुणाकडे उरला नव्हता.

बालेवाडीपाशी परत फिरायला थांबलो तर शेजारी येऊन उभी राहिली तीच कोल्हापूरची गाडी. गृहस्थांनी शांतपणे काच खाली केली. “लई बेस्ट रस्ता सांगितलासा, दादा. बालेवाडीचं स्टेडियम बघायचं ऱ्हायलंच हुतं.” मी हसण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “आता तुमी पुढं व्हा, आमी मागनं येतो.” मग क्षणभर विचार करून म्हणाले, “न्हाय, नको. आमीच पुढं जातो.” आणि गेले. सासूबाई मागून हसल्या. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यावर त्यांना इतकं मनापासून हसताना मी प्रथमच ऐकलं.

आता मुंबईकडून येत होतो, म्हणजे भूगाव उजवीकडे, म्हणजे शास्त्र अखेर बरोबर लागू होत होतं. गोल वळणाचा रॅम्प दिसताच मी त्यावर गाडी घातली. आमची गाडी वळायला लागली आणि वळतच राहिली. या वळणावर गाडी डावीकडे फिरते आणि आतलं सगळं उजवीकडे सरकतं, हे पेन्सिलीच्या चित्रात नव्हतं. सासूबाई खिडकीवर कलल्या. दोन्ही हात वृंदावनाला, त्यामुळे स्वतःला सावरायला हात नाही. एक कमान सुटली. मग तुळशीतली बडीशेप घरंगळायला लागली. सीटवर, पायपुसण्यावर, माझ्या कॉलरमध्ये. मला टोचत होतं, पण स्टिअरिंग सोडून कॉलर झटकायची कशी? वळण संपलं तेव्हा समोर उतार होता. ओळखीचा. उताराच्या पायथ्याशी कोथरूड डेपो.

बारा वाजून गेले होते. बायको काही बोलली नाही. नवऱ्याला घाबरवायला एवढं पुरे असतं. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि उभा राहिलो, तेवढ्यात भूगाववरून पिरंगुटकडे जाणारी पीएमपीची बस आली. मी मुकाट्याने तिच्या मागे लागलो. बस थांबली की मी थांबलो. लोक चढले, उतरले, एक आजोबा कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले, मागची वाहनं माझ्यावर ओरडली. मी हललो नाही. चौक आला. बसवाल्याने पाटीकडे मान वर करूनही पाहिलं नाही. मला वाटतं, या चौकाचं मर्म त्यातच आहे. ज्याला रस्ता आधीच माहीत आहे त्याला तो झकास जमतो. चौकाची जुनी कोंडी खरोखर फुटली आहे, वेळ वाचतो, हे मी नाकारत नाही. पण पाट्या असतात त्या ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, आणि नेमक्या त्याच इथे माहीतगारांसाठी लावल्यासारख्या वाटतात. वेगात चाललेल्या माणसाला पाटी वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने नाव शोधायचं, बाण ओळखायचा, आरसा बघायचा आणि लेन बदलायची. पाटी वळणाच्या तोंडाशीच असेल तर त्यातलं एकच होतं. माझ्या बाबतीत तेही झालं नाही.

आणि त्या तोंडाशी काय चालतं, ते मी बसच्या मागून जाताना सावकाश पाहिलं. दोन फाट्यांच्या मधे रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक टेम्पो उभा, ड्रायव्हर खाली उतरून पाटी वाचतोय. त्याच्या पलीकडे एक पांढरी मोटार रॅम्पवरून चक्क उलटी मागे येत होती, आणि तिच्यातले काका हात बाहेर काढून मागच्या ट्रकला थांबायची खूण करत होते. मी गेली काही वर्षं अशा लोकांना अडाणी म्हणत आलो होतो. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसलो. तरीही हे सांगायलाच हवं: चुकलात तर पुढे जा, वारजं बघा, बालेवाडी बघा, पण महामार्गावर रिव्हर्स घेऊ नका. वळसा फार तर मुहूर्त चुकवतो.

आमचा चुकला. अक्षता पडून गेल्या होत्या, पहिली पंगत उठत होती. एक कमान गेलेलं, तुळस नसलेलं वृंदावन सासूबाईंनी रुखवताच्या टेबलावर ठेवलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, “आमच्या जावयांनी पुणं दाखवलं.” मसालेभात मात्र गरम मिळाला.

तेव्हा पाट्या लावणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. एक तर पाटी वळणाच्या निदान दोन-तीनशे मीटर आधी लावा, आणि वळणाशी पुन्हा एकदा. दुसरं, ‘मुंबई’ आणि ‘बंगळूर’ मोठ्या अक्षरात हवंच, पण रोज जाणाऱ्याला भूगाव, बावधन, वारजे, पाषाण हवं असतं, तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात असू द्या. ही नावं डांबरावर, त्या त्या लेनमध्येच रंगवली तर मधे ट्रक आला तरी बिघडणार नाही. आणि हे सगळं झालं की एकदा ड्रोन कपाटात ठेवा, या चौकात कधीही न आलेला एखादा ड्रायव्हर घ्या, मागे त्याच्या सासूबाई बसवा, आणि त्याला कुणालाही न विचारता भूगावला पोचवून दाखवा. तो पोचला तर पुढच्या उद्घाटनाचा नारळ माझ्याकडून.