जरा वाकडंच दाखवा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की साताऱ्यात राजवाड्यापासून मोती चौकापर्यंतचे छोटे दुकानदार दोन गोष्टींना धास्तावतात : परतीचा पाऊस आणि आप्पा. पावसात निदान माल ताडपत्रीखाली झाकता येतो.

आप्पा कोण, हे सांगायला नको. प्रत्येक पेठेत एक असतोच. निवृत्त, बहुतेक बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात घडी घातलेली दुसरी कापडी पिशवी आणि तोंडात एकच वाक्य, ‘पैसा गावात फिरला पाहिजे.’ माणूस ढोंगी अजिबात नाही. मोबाईलवरून मागवलेलं एकही खोकं त्यांच्या दारात आलेलं नाही. ते घासाघीस करत नाहीत, उधारी ठेवत नाहीत, सुट्टे पैसे घरून नेतात. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून लाखात एक. पंचाईत एवढीच, की ते गिऱ्हाईक म्हणून येतच नाहीत, आधार द्यायला येतात.

आधार सकाळी दहाला सुरू होतो. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून वीस रुपयांच्या वाती घेता घेता दुकानाची पाटी कशी हवी, माल कुठं मांडायचा, मुलीला कॉमर्सलाच का घालायचं, हे सगळं ठरतं. तेवढ्यात कुणी उटण्याची पुडी हुंगताना दिसलं की आप्पा स्टुलावरूनच गर्जतात, ‘घ्या हो, बिनधास्त! घरी कुटलंय. मी स्वतः पाहिलंय!’ समोरचा दचकून पुडी खाली ठेवतो आणि पुढच्या दुकानाकडं वळतो. आप्पा हळहळतात, ‘लोकांना आपल्या मालाची किंमतच नाही.’

बुरुडाकडचा प्रसंग तर मी शेजारी उभा राहून पाहिला. यंदा शेजाऱ्यांना फराळ टोपल्यांतून द्यायचा, असं आप्पांनी ठरवलं होतं. बुरुडानं डझनभर टोपल्या काढून मांडल्या. एकीला झाकावी, दुसरी काढावी. काठ गोल, वीण घट्ट, बोट फिरवलं तर एक कूस लागायचं नाही. आप्पांनी एकेक उपडी करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘मशीनवरची वाटते हो.’

बुरुडानं हातातला कोयता खाली ठेवला आणि दोन्ही पंजे पुढं केले. त्यातल्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. ‘ही बघा मशीन.’

‘ते मला कळतंय. पण बघणाऱ्याला कळायला नको? एखादी जरा वाकडी असली तर दाखवा.’

वाकडी एकच होती. पोरानं शिकताना विणलेली. बाप तिच्यात कोळसे ठेवत होता. आप्पांनी कोळसे काढायला लावून ती पुऱ्या किमतीला नेली, वर पोराच्या पाठीवर थाप मारली. बुरूड आता मला बघितलं की गाऱ्हाणं सांगतो, की तेव्हापासून पोरगं काठ सरळ करायचं नावच घेत नाही. वाकडीला गिऱ्हाईक आहे म्हणतंय. काठ सरळ यायला बापाची उमर गेली आणि त्याच्या कलेचा सगळ्यात मोठा चाहता वाकडेपणाचे पैसे मोजतो. माझं मत बुरुडाच्या बाजूनं आहे, पण आप्पांना सांगणार कोण?

घरातली सजावट हा आप्पांचा दुसरा गड. 2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या अर्जावर निघाल्यासारखी कंदी पेढे वाटून साजरी केली. नेमक्या त्याच वर्षी सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि वहिनींनी भडंग वाटलं. वहिनींचं माहेर सांगली, गणपती पेठेतलं. त्या घरात मानांकनांचा सामना कायम चालू असतो. आप्पांनी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि वाघ्या घेवडा काढला की वहिनी हळद आणि बेदाणा काढतात. 2024 मध्ये मिरजेची सतार आणि तानपुराही त्यांच्या बाजूला जमा झाला, तेव्हापासून आप्पा तो विषय काढत नाहीत.

पण फराळात सांगलीचं भडंग मात्र आप्पांच्या कायद्यात बसत नाही. ते बाहेरचं.

‘बाहेरचं कसं? आम्हीही कृष्णेचंच पाणी पितो.’

‘तोवर तिच्यात वारणा मिसळलेली असते.’

‘वारणा हरिपूरला मिळते. सांगलीच्या खाली.’

आप्पा अशा वेळी चष्मा पुसतात.

यंदाचा आकाशकंदील संपूर्ण घरगुती ठरला. कामट्या बुरुडाकडच्या, खळ करंज्यांसाठी आणलेल्या मैद्याची आणि तिच्यात झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. कागद बाजारात रंगीत मिळतो, पण तो रंग कुठला कोण जाणे, म्हणून पांढरा आणला. तो हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळा केला, काही पट्ट्यांवर चुन्याची निवळी फिरवली, त्या लालभडक झाल्या. हे मात्र बघण्यासारखं होतं, गल्लीतली पोरं किल्ला अर्धवट टाकून आली. वसुबारसेच्या संध्याकाळी कंदील चढला, आणि रात्री परतीची एक सर आली. सकाळी कामट्यांचा सांगाडा हलत होता. लाल-पिवळा ओघळ भिंतीवरून उतरून खाली पोरांच्या किल्ल्यात शिरला होता आणि तटावरचे मातीचे मावळे लढाई संपल्यासारखे दिसत होते.

धनत्रयोदशीला सांगलीहून वहिनींच्या भावानं पाठवलेलं पुडकं आलं. आत बचत गटातल्या बायकांनी केलेला घडीचा कंदील. करंज्या एकसारख्या, झिरमिळ्या एका मापाच्या, वाकडं काहीच नाही. आप्पा बराच वेळ त्याच्याभोवती फिरले. मग घसा साफ करून म्हणाले, ‘तसं बघितलं तर 1949 साली जिल्हा फुटला तेव्हा त्याचं नाव दक्षिण साताराच होतं. सांगली हे नाव 1960 चं. म्हणजे माल आपलाच.’

‘जिल्ह्याचं झालं ते,’ वहिनी म्हणाल्या. ‘सांगली गाव त्याआधी पटवर्धनांच्या संस्थानची राजधानी होतं. तुमच्याकडं कुणी अर्ज केला नव्हता. कंदील लावायचा तर लावा, पण दोन अटी. भडंगाचा डबा फराळाच्या ताटाशेजारी बसेल. आणि त्या बायकांना नुसते पैसे पाठवायचे, सूचना नाहीत.’

आप्पांनी दोन्ही अटी मान्य केल्या. पैसे त्याच दुपारी गेले. सूचना भाऊबीज झाल्यावर गेल्या, चार पानी, त्यातली पहिली : कडा जरा वाकड्या ठेवाव्यात.