भिंतीची अंघोळ

मुंबईत वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणूनच सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत एक गृहस्थ उठतात आणि विचारतात, "एवढं फुकटचं पाणी भिंतींवर पडतंय, मग पैसे खर्चून वेगळ्या धुवायच्या कशाला?" खजिनदार कृतज्ञतेने मान डोलावतात आणि विषय संपतो. समोसे येतात.

ही सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे नेमकी इमारत सर्वांत हिरवी असताना. पाऊस भिंत धूत नसून शेवाळाला पाणी घालतो, हे पाहायला सभागृहाची खिडकी उघडली तरी पुरे. पण ती फुगलेली असते, उघडत नाही. चार महिने भिंतीला सुकायची सवड नसते, वर वर्षभराची धूळ खत म्हणून बसलेली. उत्तरेची बाजू आणि डक्ट, जिथे ऊन पोचत नाही, तिथे आधी हिरवं, मग काळं. प्रत्येक छज्ज्याखाली असे ओघळ, की इमारत रात्रभर काजळ घालून रडली असावी.

मग धुवायची कधी? दमट हवेतलं उत्तर अगदी साधं आहे: वर्षातून एकदा, पाऊस गेल्यावर, सावलीतल्या भिंती लागल्यास आणखी एकदा. आमच्या कमिटीचं पंचांग मात्र वेगळं. चेअरमनच्या मुलीचं लग्न ठरलं, की गेटकडची बाजू धुवायची. कुणी फ्लॅट विकायला काढला, की त्याच्या खिडकीखालचा पट्टा धुवायचा. स्ट्रक्चरल ऑडिटची मुदत उपविधींत आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा, तिशीनंतर ३ वर्षांतून एकदा. अंघोळीची मुदत कुठेच नाही, आणि उपविधींत नाही ते आम्ही करत नाही. (उपविधींत आहे तेही करत नाही, पण तो वेगळा लेख.)

कोकणातल्या आजीला उपविधी ठाऊक नव्हते. पावसाआधी ती पावसाच्या बाजूला झापांचा आडोसा बांधून घ्यायची आणि पाऊस सरला की भिंतीला चुना काढायची. चुन्याचा क्षार शेवाळाला सोसत नाही. आम्ही त्याऐवजी ७ वर्षांच्या हमीचा रंग लावला आणि हमी म्हणजे ७ वर्षं भिंतीकडे बघायचं नाही, असा अर्थ काढला.

यंदा मात्र क्रांती झाली. स्वस्त कोटेशनवाला प्रेशर मशीन घेऊन आला. शेवाळ गेलं, सोबत रंग गेला, आणि भेगांतून आत शिरलेलं पाणी चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये पोपडे बनून उगवलं. खरं तर मऊ ब्रश, पातळ केलेलं ब्लीच, दहा-पंधरा मिनिटं थांबणं आणि मग बेताच्या दाबाने स्वच्छ पाणी, एवढ्याने काम होतं. खालच्या कुंड्या आधी भिजवून ठेवायच्या. "ब्लीचमध्ये थोडं अ‍ॅसिड टाका, लवकर निघेल," असा सल्ला देणारे एक सभासद असतातच. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो हुंगायला सल्लागार नसतो, दोरावर लटकलेला कामगार असतो.

शेवटचा युक्तिवाद ब्रह्मास्त्र आहे: "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला धुता?" या आशेवर इमारतीची तिशी उलटली. मधल्या काळात तिसऱ्या मजल्यावर ड्रेनेजच्या पाइपामागे पिंपळ रुजला. दोन सभासदांना तो पवित्र वाटतो, एकाला तो हरित उपक्रम वाटतो. मुळं प्लास्टर फोडून विटांपर्यंत गेली आहेत.

सेक्रेटरीसाहेब, भिंत धुण्याचा विषय खुशाल पुढच्या सभेवर ढकला. पिंपळ तेवढा या आठवड्यात मुळासकट काढा आणि ती भेग बुजवा. त्याला ठराव लागत नाही.