अंदमानभाऊ

मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी आली, की उभा महाराष्ट्र आभाळाकडे बघतो. आमचं सुलतानपूर अंदमानभाऊंकडे बघतं. मेहकर-लोणार रस्त्यावरच्या या गावाला अंदमानशी घेणंदेणं वर्षातून एकदाच, तेही पेरणीपुरतं. तिथं पाऊस पोचला, म्हणजे इथं बियाण्याची चौकशी करायला हरकत नाही. तिथं माणसंही जातात, निळ्याशार पाण्यात डुंबतात, हे गावाला पहिल्यांदा भाऊंनी सांगितलं. आणि तिथं कधी कधी जाऊ नये, तेही त्यांनीच.

असे भाऊ गावोगाव असतात. कुठं ते काश्मीरभाऊ, कुठं केदारनाथभाऊ. ओळखायची खूण एकच : ठिकाणाची माहिती तोंडपाठ, फक्त पाय तिथं लागलेले नसतात. आमच्या भाऊंनी या जमातीला शेतीशास्त्राची जोड दिली, एवढाच फरक.

भाऊंची कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन-तूर आहे, पोरं मार्गी लागली आहेत. बँकेत एक मुदतठेव आहे, तिला घरात 'अंदमानची पावती' म्हणतात. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची आणि समुद्रात एकदा गुडघाभर उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा. अशा वेळी साधा माणूस तिकीट काढतो. भाऊ आधी हवामान काढतात.

"पेरणी आन् सहल," कृषी केंद्राच्या बाकावर बसून ते सांगतात, "वाफसा पाहूनच करावं बावा."

मग सुरू होतं व्याख्यान. अंदमानात पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, आणि तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा, थेट डिसेंबरपर्यंत. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर! ज्याच्याकडे एकच पावसाळा आणि तोही मधेच दांडी मारणारा, तो शेतकरी हे ऐकून खिन्न होतो. शिवाय बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं. ती मान्सूनच्या आधी येतात, मागूनही येतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक बेटावर शेकडो पर्यटक वादळात अडकले आणि त्यांना काढायला नौदलाच्या बोटी गेल्या, हे भाऊ अशा तपशिलानं सांगतात, की जणू तेच शेवटच्या बोटीत होते. तात्पर्य : जावं ते जानेवारी ते एप्रिल. आभाळ निवळ, समुद्र शांत, पाण्याखालची प्रवाळं स्वच्छ दिसतात.

ऐकणारा म्हणतो, "मंग जा ना भाऊ जानेवारीत."

इथं भाऊ खिशातली डायरी काढतात. जानेवारीत तूर खळ्यावर असते. फेब्रुवारीत हरभरा भरात असतो. रोह्यांसाठी जागल आणि वर गारपिटीची धास्ती. मार्चमध्ये पीककर्जाचं नवं-जुनं. एप्रिलमध्ये लग्नं, भाऊबंदकीतलं एक टाळलं तरी पुढची दहा वर्षं बोलणी खावी लागतात. मे महिन्यात हात मोकळे होतात, तर नेमका मान्सून अंदमानात उतरतो. जून-जुलै पेरणी, डवरणी. ऑगस्टमध्ये फवारणी आणि पोळा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी. सुडी लागलेली असताना घर सोडलं आणि अवकाळी आला, तर ताडपत्री कोण टाकणार? नोव्हेंबरमध्ये भाव वाढायची वाट बघायची. हे काम दिसायला बसून करायचं असलं, तरी रजा मिळत नाही. डिसेंबर जरा बरा. पण त्या दिवसांत तिथं संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. "पाचाले अंधार," भाऊ विचारतात, "मंग मान्सानं कराव काय?"

शास्त्र कमी पडू नये म्हणून ते परंपरेचाही आधार घेतात. आमच्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आखायचा, कडेनं अठरा प्रकारचं धान्य ठेवायचं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, करंजी, कुरडई. रात्रीतून काय हललं ते पहाटे बघून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. लोक कपाशीचं काय, तुरीचं काय, विचारतात. भाऊ हवाईसेवेचं काय, विचारून आले. त्यासाठी घटात धान्य ठेवत नाहीत, असं कळलं.

२०२५ साली त्यांनी छाती केली. मे महिन्यातच जायचं, पण मान्सूनच्या आधी उरकून यायचं. मेहुण्याच्या घरचं लग्न आटोपलं, बॅग भरली. आणि त्या वर्षी मान्सून १३ मेलाच अंदमान समुद्रात दाखल झाला, नेहमीच्या आठवडाभर आधी. भाऊंनी बॅग रिकामी केली आणि बियाणं आणायला मेहकर गाठलं. गावात पहिली पेरणी त्यांचीच झाली.

या सगळ्या काळात बेटं मात्र थांबली नाहीत. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. भाऊंनी डायरीत दोन्ही नावं खोडून नवी लिहिली. पावतीचंही दरवर्षी नवं-जुनं होतं. या सहलीत आजवर कमाई झाली ती बँकेची.

वहिनींना समुद्राची ओढ नाही. "खारं पाणीच पाह्यचं ना? लोणार हाये की इथं," असं त्या म्हणतात. भाऊंना ते पटत नाही. अंदमानचं पाणी निळं, लोणारचं जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं. का झालं? पाणी आटलं, खारेपणा वाढला, त्यात क्षारात जगणारे सूक्ष्मजीव माजले.

"म्हंजे इथंबी हवामानच नडलं," वहिनी म्हणतात आणि सुपात तूर घेतात.

पुण्यात नोकरी करणारा भाऊंचा पुतण्या मागे जुलैत अंदमानला जाऊन आला. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून गेला. हवामान खात्याला विचारलंही नाही. दोन दिवस खोलीत बसला, एक दिवस बोट बंद होती, उरलेल्या दिवसांत कोठडी बघितली आणि समुद्रात मानेपर्यंत उभा राहिला. भाऊंनी त्याचे फोटो बारकाईनं बघितले. प्रत्येक फोटोत मागे ढग होते. "पाय," ते विजयी मुद्रेनं म्हणाले, "म्या म्हनलं नव्हतं?"

भाऊंचं यात चुकत काहीच नाही, हीच खरी अडचण आहे. तिकडे समुद्र शांत असतो तेव्हा इकडे खळं गाजत असतं. इकडे हात मोकळे होतात तेव्हा तिकडे ढग भरतात. अंदमानची आणि कोरडवाहू शेतकऱ्याची पत्रिका जुळत नाही, आणि भाऊ पडले पत्रिका बघूनच लग्न लावणारे. तुम्हाला अंदमानला जायचं असेल, तर जानेवारी ते एप्रिलमध्ये जा आणि जाण्याआधी सुलतानपूरला येऊन भाऊंना विचारा. इतका अचूक सल्ला फुकटात दुसरीकडे मिळायचा नाही. फक्त तिकीट आधी काढा आणि मग विचारा.