मुकादमाचा नातू स्पेनला जातो

युरोपातल्या व्यावसायिक सायकल संघांचं डिसेंबरात घरी भागत नाही. बेल्जियम-हॉलंडात पाऊस आणि गारठा सुरू झाला की मंडळी बिऱ्हाड गुंडाळतात आणि स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर काल्पे नावाच्या गावी येऊन पडतात. शर्यतींचा हंगाम लागण्याआधी तिथं राहायचं, रोज चार-पाच तास सायकल हाणायची, तोलून खायचं आणि उरलेला वेळ झोपायचं. पुण्यातल्या एका हौशी संघाबरोबर मीही तिथं गेलो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर होणार, पाच दिवसांत ४३७ किलोमीटर, परदेशी संघ येणार, असं जाहीर झालं आणि पुण्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याला आपण युरोपात जन्मायचं ते चुकून इथं जन्मलो असं वाटू लागलं. आम्हाला त्या शर्यतीत कुणी बोलावलं नव्हतं. तयारी मात्र आमची पक्की होती.

निघण्याआधी सायकल दाखवायला गावी, चकलांब्याला गेलो. गेवराईच्या स्टँडवर सायकलची पेटी एसटीत चढवताना कंडक्टरनं विचारलं, "पेटीत काय?"

"सायकल."

"सायकल हाय तर एसटीत कामून बसलास?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पेटीचं तिकीट मात्र काढावं लागलं.

डिसेंबरातलं चकलांबा म्हणजे म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. बाकी गाव दिवाळीनंतर ऊस तोडायला गेलेलं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. आमचे आजोबा, म्हणजे आबा, आता जात नाहीत, पण त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मुकादमकी केली. टोळ्या जमवल्या, उचली म्हणजे आगाऊ पैसे वाटले, पळालेली माणसं हुडकली. मी स्पेनला चाललोय म्हटल्यावर शेजारच्यांनी "शिकायला का?" असं विचारलं. आबांनी मुद्द्याचं विचारलं.

"टोळी केवढी?"

"बारा जणांची."

"कोयते किती?"

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. "सगळे अर्धेच, आबा. बायकापोरं कुणी नेत न्हाई."

"मंग भाकरी कोण थापणार?"

"हॉटेलात मिळतं."

"मुकादम कुठला?"

"बेल्जियमचा."

"खाडा केला तर?"

"दुसऱ्या दिवशी मागच्या गाडीत बसवतो."

"बरूबर हाय." आबांना बेल्जियमचा माणूस पसंत पडला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "उचल किती दिली?"

"उचल मी दिलीय, आबा. संघाला. हप्त्यानं."

आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडं बघितलं. "म्हंजी मजुरानं मुकादमाला उचल दिली?"

"तसंच म्हणा."

"आन् काम बी मजुरानंच करायचं?"

"हो."

बराच वेळ आबा सायकलीच्या चाकाकडं बघत राहिले. "ह्यो धंदा," ते म्हणाले, "मला आधी कामून सुचला न्हाई?"

काल्पेला पोचल्यावर पहिल्यांदा दिसतो तो खडक. पेन्यॉन दे इफाक. समुद्रातून एकदम ३३२ मीटर वर आलेला. त्याच्या पायथ्याशी जुनी मिठागरं आहेत आणि मिठागरांत रोहित पक्षी उभे. हे पक्षी मला ओळखीचे. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावरही येतात. एका पायावर उभं राहून काहीच न करणं हे त्यांचं हंगामपूर्व प्रशिक्षण असावं, आणि ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमतं.

हॉटेलात दोन प्रकारची गिऱ्हाइकं होती. एक, थंडीला कंटाळून आलेली युरोपातली पेन्शनर जोडपी, दुसरे, सायकलपटू. दोघंही नऊ वाजता झोपायचे आणि जिना चढणं दोघांनाही नको असायचं. व्यावसायिक सायकलपटू लिफ्टची वाट बघत दहा मिनिटं उभा राहील, पण एक मजला पायानं चढणार नाही. पाय ही सायकलवर वापरायची वस्तू आहे, असं त्यांचं शास्त्र आहे. पायावरचे केस काढणं हाही त्या शास्त्राचाच भाग. मालिश सोपी जाते, पडलं तर जखम धुता येते, अशी कारणं देतात. आमच्या बारा जणांनी पुण्यातच हे संस्कार उरकले होते. माझं लांब पँटीवर गावात निभावलं, हे आईभवानीचे उपकार.

न्याहारीच्या टेबलावर तराजू होता. भात ग्रॅमवर तोलायचा. सायकलींचं वजन मात्र आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानं ६.८ किलोच्या खाली जाऊ द्यायचं नाही. म्हणजे लोखंडाला अन्नाची हमी, माणसाला नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला स्थिर सायकलवर बसवलं, दर काही मिनिटांनी जोर वाढवत नेला आणि प्रत्येक टप्प्याला कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. त्यातलं लॅक्टेट मोजतात. कुठल्या जोराला ते भराभर वाढायला लागतं ते कळलं की माणसाची कुवत वॅटमध्ये लिहिता येते. त्याला वजनानं भागलं की तुमची लायकी निघते. माझी निघाली. ती इथं सांगण्याचं कारण नाही.

त्या सुईनं मला आजीची आठवण झाली. तिनं डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरले, तेही रात्री-अपरात्री, फळीवरून चढून. तिचे वॅट कुणी मोजले नाहीत. मोजले असते तर तो बेल्जियन तिला सोडून मला कशाला घेऊन गेला असता?

प्रशिक्षणाचा मुख्य भाग म्हणजे हळू चालवणं. यावर विश्वास बसायला वेळ लागतो. एवढे पैसे भरून, एवढ्या लांब येऊन, तासन् तास बेताच्या जोरानं पायडल मारायचं. पाया त्यानंच बांधला जातो म्हणतात. आमच्या बेल्जियन प्रशिक्षकांनी सोपी खूण दिली: शेजारच्याशी बोलता येईल एवढाच जोर. बोलणं तुटलं की जोर जास्त झाला. ही खूण फ्लेमिश माणसांवर तयार झालेली आहे. आमच्यातले एक सदाशिव पेठकर दहा टक्के चढावरसुद्धा पानिपतात नेमकं काय चुकलं ते सांगत होते. अब्दाली दिल्लीला पोचेपर्यंत माझी नाडी एकशे ऐंशीवर गेली होती, त्यांचं वाक्य मात्र तुटलं नाही. तिसऱ्या दिवशी ती खूण आमच्यापुरती रद्द झाली.

रस्त्यांचं वेगळंच. स्पेनमध्ये सायकलच्या शेजारून जाताना गाडीवाल्यानं किमान दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे, आणि चमत्कार म्हणजे ते सोडतात. वळणाचा रस्ता असला तर मागं थांबून राहतात, हॉर्न न वाजवता. धुळे-सोलापूर महामार्गावर सराव केलेल्या माणसाला मागच्या गाडीचा आवाज आला नाही की घाम फुटतो. मागं वळून बघावं तर एक म्हातारी बाई आपल्या छोट्या मोटारीत शांत बसलेली. दोन दिवस मला वाटत होतं, या देशातल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न बिघडलेत.

सगळ्या संघांची परीक्षा कोल दे रातेस नावाच्या घाटात होते. पार्सेन्त गावातून निघायचं, साडेसहा किलोमीटर चढायचं, चढ सरासरी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. दोन्ही बाजूंना दगडी ताली रचलेल्या, त्यांच्यावर बदामाची झाडं, खाली दरीत संत्र्यांच्या बागा. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याच्या घाटात पुढं निघणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. रातेसला राजांची एवढी गर्दी असते की प्रजा शोधावी लागते. आम्ही चढत असताना एका बड्या संघाची अख्खी रांग बाजूनं गेली. त्यांच्यातला शेवटचा जाता जाता केळं सोलत होता.

खाण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण खाणं हीसुद्धा इथं कवायत आहे. तासाला नव्वद ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला साठेक ग्रॅमच्या वर घेत नाही. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही मिसळून देतात. साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. थोडक्यात, महागड्या पाकिटातली जी पूड आम्ही बाटलीत ढवळत होतो, तिचं काम किराणा दुकानातल्या साखरेवरही बरंचसं भागतं. मधल्या वेळेला चिकट भात दाबून केलेल्या, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या वड्या. आई बघती तर म्हणाली असती, शिळा भात फोडणीला टाकायचा सोडून खिशात कशाला भरलास?

आबा पहाटे पाचला उठून फोन करायचे, म्हणजे काल्पेला रात्रीचे साडेबारा. एका रात्री मी त्यांना साखरेची गोष्ट सांगितली.

"म्हंजी आमीच तोडलेल्या उसावर तू पळायलास."

"न्हाई आबा, इकडं साखर बहुतेक बिटाची."

"बीट काढायला टोळ्या कुठल्या येतात?"

"मशीन काढतं."

पलीकडं क्षणभर काही नाही. मग, "मशीन उचल घेऊन पळत बी नसंल. बराय."

शेवटच्या आठवड्यात नाशिकच्या एका पोरानं घात केला. हळू चालवायचा दिवस असताना तो रोज सकाळी सुसाट सुटायचा, सगळी रांग मोडायची आणि दुपारी हा गाडीत आडवा. प्रशिक्षक वैतागले होते. जेवणाच्या वेळी सहज विषय निघाला तेव्हा मी सांगितलं, आमच्या घरी या विषयातला जुना जाणता माणूस आहे. त्यांनी लगेच फोन लावायला सांगितलं. तिकडं रात्रीचे साडेबारा; या खेपेला आबांची झोपमोड. मी मध्ये दुभाषा.

त्यांनी विचारलं, पहिल्याच दिवशी जास्त जोर लावणाऱ्या माणसाचं तुम्ही काय करता?

आबा म्हणाले, "असला गडी फडात चार दिस टिकत न्हाई, आन् बाकीच्यांस्नी बी दमवतो. त्याला रागवायचं न्हाई. पाणी भरायला लावायचं. सगळ्या टोळीचं. दिवसभर."

मी भाषांतर केलं. बेल्जियन माणूस खुर्चीत पुढं सरकला. आबांनी मग त्याला उचल आगाऊ घेण्याच्या पद्धतीबद्दल दोन प्रश्न विचारले. ते मी भाषांतरित केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिककराच्या अंगावर, पाठीच्या तिन्ही खिशांत आणि जर्सीच्या आत मिळून आठ बाटल्या होत्या. तो गाडीपाशी मागं यायचा, बाटल्या भरायचा, रांगेच्या टोकापर्यंत वाटत जायचा, पुन्हा मागं यायचा. सायकलिंगमध्ये हे काम मानाचं असतं असं त्याला सांगण्यात आलं होतं, आणि ते खरंही आहे. संध्याकाळी तो मला विचारत होता की ही कल्पना नेमकी कुणाची. मी म्हटलं, खेळातलं शास्त्र फार पुढं गेलंय. आबांचा नंबर मी त्याला अजून दिलेला नाही.